विंडोलांडा: रोमन सरहद्द समजून घ्यायची असेल तर इथे जा

हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनने सरहद्दीवर बांधलेली भिंत, बघायला इंग्लंडच्या उत्तरेला येणाऱ्या बहुतेकांच्या हातात एकच दिवस असतो. तो कुठे घालवावा हे ओळखीची माणसं मला सारखी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझं उत्तर ठाम आहे: भिंतीवर नाही. भिंतीच्या दक्षिणेला साधारण मैलभरावर विंडोलांडा नावाचा रोमन किल्ला आणि त्याचं संग्रहालय आहे. दिवसाचा मोठा हिस्सा तिथे द्या. उरलेल्या वेळात भिंतीवरच्या हाउसस्टेड्स किंवा चेस्टर्स या रोमन किल्ल्यांपैकी एकच.

मी पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं काम करते. गटारं, कल्व्हर्ट (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या), साठवण टाक्या हा माझा रोजचा विषय. कुठल्याही जुन्या वास्तूत माझी नजर आधी जमिनीकडे जाते: पाणी आत कुठून आलं आणि बाहेर कुठे गेलं? हे परीक्षण त्याच नजरेतून लिहिलेलं आहे. ज्यांना कड्यावरून वळणं घेत जाणाऱ्या भिंतीचा फोटोच हवा असेल त्यांनी भिंतीजवळच्या स्टील रिग या गाडीतळापासून पूर्वेकडे चालावं. तो पट्टा अतिशय देखणा आहे. खिंडीतलं सिकॅमोरचं प्रसिद्ध झाड मात्र सप्टेंबर 2023 मध्ये कोणीतरी रात्रीत कापून टाकलं, ते आता तिथे नाही.

विंडोलांडात तिकीट घेऊन पश्चिमेकडून आत गेलं की आधी किल्ला लागत नाही, किल्ल्याबाहेरची वस्ती लागते. रस्त्याकडे अरुंद तोंड आणि मागे लांबट पसरलेली घरं, दुकानं, कारागिरांच्या जागा. आता त्यांचे पाये आणि गुडघाभर भिंती उरल्या आहेत. बहुतेक लोक हा भाग झपाट्याने ओलांडून किल्ल्याच्या दरवाजाकडे निघतात. तसं करू नका. रस्त्याच्या कडेच्या दगडी नाल्या बघा. वस्तीच्या वरच्या अंगाला झऱ्यांचं पाणी टाकीत धरून दगडी पन्हळींतून खाली कसं नेलंय ते बघा. टेकाडाचा नैसर्गिक उतार वापरलाय, कुठेही त्याच्याशी भांडण नाही. हे काम करणाऱ्याला जमीन वाचता येत होती, हे दोन हजार वर्षांनीही कळतं.

दिसणारे हे दगड मुख्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले, म्हणजे चौथी गॉल पलटण इथे होती त्या काळचे. खरा खजिना त्यांच्या खाली आहे. पहिला किल्ला इथे उभा राहिला तो साधारण इसवी सन 85 च्या सुमारास, लाकडाचा. तेव्हा भिंतीचा पत्ताच नव्हता. सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने 43 साली दक्षिण किनारा गाठला होता, ब्रिटनचा रोमन गव्हर्नर अग्रिकोला याच्या फौजा पुढे पार स्कॉटलंडपर्यंत गेल्या आणि मग मागे आल्या. कॉर्ब्रिज ते कार्लाइल या रस्त्यावर किल्ल्यांची रांग उभी राहिली, त्यातला हा एक. हेड्रियन ब्रिटनला आला 122 साली. तोवर विंडोलांडाच्या जागेवर लाकडी किल्ले पाडून पुन्हा पुन्हा बांधून झाले होते. एकूण नऊ तरी किल्ले या एकाच जागेवर एकावर एक आहेत.

नवा किल्ला बांधताना जुना पाडायचा, त्याच्या अवशेषांवर चिकणमाती आणि हिरवळीचे थर दाबून बसवायचे आणि वर नवं बांधकाम उभारायचं, अशी पद्धत होती. जुन्या खोल्यांच्या जमिनीवर नेच्याची पानं आणि पेंढा अंथरलेला असे. तो सगळा ओला गाळ वरच्या थराखाली बंद झाला. हवा नाही, ऑक्सिजन नाही, त्यामुळे कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबली. लाकूड, चामडं, कापड, दोर, सगळं टिकलं. दगडी अवशेष रोमन साम्राज्यात जागोजागी आहेत. चपला, शिवलेले तंबू आणि हिशेबाचे कागद मात्र फार थोड्या ठिकाणी राहिले.

आणि हे उघड झालं ते निचऱ्याच्या चरामुळे! जागेवर साचणारं पाणी काढून द्यायला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला खोल चर खणायला घेतला, त्यात जुन्या लाकडी किल्ल्यांचं बांधकाम लागलं. 1973 साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांच्या हाती लाकडाच्या पातळ, चिकटलेल्या चकत्या आल्या. वेगळ्या केल्यावर आत शाईची अक्षरं दिसली आणि हवा लागताच फिकी पडू लागली. पुढे इन्फ्रारेड छायाचित्रांनी ती वाचता आली. आज या लाकडी पत्रांची संख्या शेकड्यांत आहे. बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत; इथल्या संग्रहालयात मोजकीच, पण ज्या मातीत निघाली तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ती बघणं हे लंडनच्या काचेपेक्षा मला कितीतरी मोलाचं वाटतं.

या पत्रांमुळे सरहद्द म्हणजे काय ते कळतं. पहिल्या तुंग्रियन पलटणीचा 18 मेचा हजेरीपट घ्या. पटावर 752 माणसं. त्यातली 456 बाहेरगावी: 337 एकट्या कॉर्ब्रिजला, 46 गव्हर्नरच्या रक्षकदलात, बाकीचे इकडेतिकडे. किल्ल्यात उरले 296. त्यातले 15 आजारी, 6 जखमी, 10 जणांचे डोळे आलेले. धडधाकट 265. कुठल्याही मोठ्या साइटवर काम केलेल्या माणसाला हा कागद ओळखीचा वाटेल. साम्राज्याची उत्तर सीमा ज्यांच्या भरवशावर होती त्यांतले साठ टक्के जागेवर नव्हते, एवढं या एका पाटीवर लिहिलेलं आहे.

माझं सगळ्यात आवडतं पत्र ऑक्टेवियस नावाच्या माणसाचं. तो धान्य आणि कातड्यांचा पुरवठा करणारा. पैसे पाठव म्हणून तगादा लावतो आणि सांगतो की कॅटरिकला पडलेली कातडी मी आधीच आणली असती, पण रस्ते वाईट आहेत, जनावरांना इजा करायची नव्हती. रोमन रस्ते म्हटलं की सरळ रेषा, भक्कम थर आणि अमर दगड असं वर्णन सगळीकडे वाचायला मिळतं. इथे पहिल्या पिढीतला वापरणारा स्वतः सांगतोय की रस्ता वाईट असल्यामुळे माल आणता आला नाही. रस्ता बांधणं हे निम्मं काम, तो वाहता ठेवणं हे उरलेलं निम्मं, आणि ते दरवर्षी करावं लागतं. हे वाक्य जिथे दाखवलंय तिथे मी बराच वेळ उभी राहते.

दुसरं पत्र बहुतेकांना माहीत असेल. इसवी सन 100 च्या सुमाराचं: क्लॉडिया सेवेरा आपली मैत्रीण सुल्पिशिया लेपिडिना हिला 11 सप्टेंबरला वाढदिवसाला बोलावते. लेपिडिना म्हणजे नवव्या बटेव्हियन पलटणीचा प्रमुख फ्लेवियस सेरियालिस याची बायको. मजकूर लेखनिकाने लिहिलाय, शेवटच्या ओळी सेवेराने स्वतःच्या हाताने. लॅटिनमध्ये बाईच्या हातचं इतकं जुनं अक्षर दुसरीकडे क्वचितच सापडतं. हे मूळ पान लंडनला आहे, पण लेपिडिनाच्या घराची जागा इथे आहे, आणि तिथे उभं राहून ते वाचलं की वाटतं, या बाया एकमेकींपासून किती अंतरावर राहत असतील आणि वाटेत रस्ता कसा असेल?

चपलांच्या दालनात घाई करू नका. हजारो पादत्राणं निघाली आहेत: सैनिकांची खिळे मारलेली, बायकांची नक्षीदार, तान्ह्या मुलांची. किल्ल्यात फक्त पुरुष राहत होते, हा जुना समज या चामड्याने मोडून काढला. शेजारी 2017 साली सापडलेले बॉक्सिंगचे चामडी हातमोजे आहेत, आणि संडासाची लाकडी बैठक. त्या बैठकीची कड वापराने गुळगुळीत झाली आहे. सोन्याचांदीच्या वस्तू बघायच्या असतील तर युरोपात इतर संग्रहालयं पुष्कळ आहेत. इथे आलात तर ही बैठक नीट बघा.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. हे सगळं बांधकाम जिंकून घेतलेल्या जमिनीवर उभं आहे. भिंतीच्या पूर्व टोकाकडे पायाखाली नांगरटीच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे कोणाची तरी शेतं मोडून हे काम झालं. विंडोलांडाच्या एका पाटीवर स्थानिक ब्रिटन लोकांच्या लढण्याच्या पद्धतीबद्दल तुच्छतेने लिहिलंय. दुसऱ्या एका अर्जात समुद्रापलीकडून आलेला एक माणूस गाऱ्हाणं मांडतो की मी निर्दोष असून मला छड्यांनी रक्त येईपर्यंत मारलं. आपण इंजिनियर लोक नालीचा उतार बघून हरखून जातो, मीही जाते, पण ती नाली कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीतून काढली होती हे विचारल्याशिवाय ती पूर्ण समजत नाही. विंडोलांडाची पत्रं हा प्रश्न तुमच्या पुढ्यात ठेवतात, आणि या जागेला मी वर ठेवते त्याचं हे एक मोठं कारण आहे.

जागेवर एप्रिल ते सप्टेंबर या हंगामात खोदाई चालू असते, स्वयंसेवकांच्या हातांनी. ही नाटकी प्रात्यक्षिकं नव्हेत, खरं काम आहे. शक्य असेल तर याच महिन्यांत जा. दोरीपलीकडे उभं राहून विचारलं तर लोक मनापासून सांगतात. मी गेले तेव्हा एक आजी नालीतला गाळ खुरप्याने अगदी हळू बाजूला करत होत्या; नालीच्या तळाचा दगड कुठल्या दिशेला उतरतो ते त्यांनी पाण्याचे दोन थेंब टाकून दाखवलं. मला कुठल्याही माहितीफलकाने इतकं शिकवलेलं नाही. ही जागा 1970 साली स्थापन झालेला विंडोलांडा ट्रस्ट चालवतो, आणि तुमच्या तिकिटाचा पैसा या खोदाईत जातो हे लक्षात ठेवा.

आवारात भिंतीचे दोन नमुने पूर्ण उंचीचे बांधलेले आहेत: एक दगडी, बुरुजासह, आणि एक हिरवळीच्या चौकोनांचा, लाकडी दरवाजाचा. दुसरा बघायलाच हवा, कारण अनेकांना माहीत नसतं की अर्धिंग नदीच्या पश्चिमेला मूळ भिंत दगडाची नव्हतीच. ती गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या ढेपा रचून केली होती आणि नंतर टप्प्याटप्प्याने दगडाची झाली. मातीच्या भिंतीची ताकद तिच्या बाजूंच्या कलात असते. नमुन्याजवळ उभं राहिलं की तो कल डोळ्यांनी मोजता येतो.

मग उताराने खाली ओढ्याकाठी संग्रहालय, बाग, कॅफे. उतार चांगलाच तीव्र आहे आणि परत तोच चढायचा असतो, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधीच फोन करून विचारून घ्यावं. कॅफेतलं गरम सूप वाऱ्यातून आल्यावर फार बरं वाटलं. वारा हा इथला कायमचा रहिवासी आहे. जूनमध्येही विंडचीटर हवाच. जवळच जुन्या रस्त्याच्या कडेला रोमन मैलाचा दगड अजून आपल्या मूळ जागी उभा आहे. तोही बघून या.

आता उरलेला अर्धा दिवस. हाउसस्टेड्स की चेस्टर्स?

पाण्याच्या दृष्टीने बघणार असाल तर हाउसस्टेड्स. भिंतीला चिकटून, कड्यावर, साधारण 800 सैनिकांचा किल्ला, आणि जवळ नदी नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि पुन्हा पुन्हा वापरायचं. किल्ल्याचा आग्नेय कोपरा सर्वांत खाली आहे, संडास तिथेच. खोल गटार, त्यावर एके काळी लाकडी बैठका, समोर स्पंज धुवायची दगडी पन्हळ, आणि शेजारी दगडी फरशांची टाकी, जिचे सांधे शिशाने बंद केलेले आहेत. वरच्या अंगाचं पाणी उताराने येऊन टाकीत थांबतं, टाकीतून सोडलं की गटार धुऊन तटाखालून बाहेर पडतं. माझ्या कामातल्या नव्या मुलांना मी इथे घेऊन येते. कागदावर तासभर समजावण्यापेक्षा या कोपऱ्यात पंधरा मिनिटं पुरतात. गाडीतळापासून किल्ल्यापर्यंत चढ चालावा लागतो आणि पार्किंगचे पैसे तिकिटापेक्षा वेगळे, एवढं ध्यानात ठेवा.

चेस्टर्स घोडदळाचा किल्ला, दुसऱ्या अस्तुरियन पथकाचा, नॉर्थ टाइन नदीकाठी. ब्रिटनमधलं सर्वांत चांगलं टिकलेलं लष्करी स्नानगृह इथे आहे. इथे सापडलेल्या एका शिलालेखात उल्पियस मार्सेलस गव्हर्नर असताना या पथकासाठी पाणी आणल्याची नोंद आहे. नदी उशाशी असूनही त्यांनी वेगळं पाणी आणलं, कारण नदी खाली आणि किल्ला वर. पलीकडच्या काठावर रोमन पुलाचा पायथा आहे. त्याच्या मोठ्या घडीव दगडांवर उचलण्यासाठी कोरलेली भोकं आणि लोखंडी पट्ट्यांच्या खाचा बघायला चालत जा, बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. भिंत आज जी काही उरली आहे त्याचं बरंच श्रेय चेस्टर्सच्याच वाड्याचे मालक जॉन क्लेटन यांना जातं. न्यूकासलच्या नगरपालिकेचे हे कारभारी एकोणिसाव्या शतकात भिंतीलगतच्या जमिनी विकत घेत गेले आणि दगड काढून नेणं त्यांनी थांबवलं. त्याच्या आधीच्या शतकात, स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांनी केलेल्या जॅकोबाइट बंडानंतर, सैन्यासाठी जो रस्ता केला तो मैलोन्‌मैल भिंत पाडून तिच्याच दगडावर घातला होता. आज तुम्ही गाडीने येता तो हाच रस्ता.

चेस्टर्सहून थोडं पूर्वेला प्लेनट्रीज नावाचा भिंतीचा छोटा तुकडा आहे. तिकीट नाही. माझ्या मते पूर्ण भिंतीवरची ही सर्वांत बोलकी जागा. आधी दहा रोमन फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर रुंदीचा पाया घातला. मध्येच आराखडा बदलला आणि वर अरुंद भिंत उभारली. दोन्ही रुंद्या एकमेकींना भेटतात ती रेघ इथे उघडी दिसते, आणि पायातून पाणी पलीकडे जायला ठेवलेलं भोकही. पाया घालणारी टोळी पुढे निघून गेलेली, मागून वेगळ्या हुकमाने भिंत बांधणारी टोळी आलेली: चालू कामात डिझाइन बदलल्याचा हा लेखी पुरावाच म्हणा. 1801 साली 78 वर्षांचे इतिहासलेखक विल्यम हटन बर्मिंगहॅमहून चालत आले तेव्हा शेतमालक हा दगड काढून नेत होता. हटन यांनी गयावया केल्यामुळे हा तुकडा वाचला.

यायचं कसं? उन्हाळी हंगामात एडी122 नावाची बस हेक्सम आणि हॉल्टव्हिसलच्या दरम्यान या सगळ्या जागांवरून जाते. दोन्ही गावांना रेल्वे आहे. वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा, कारण फेऱ्या विरळ असतात आणि एक चुकली तर आख्खी जागा हातची जाते. शहरातून निघणाऱ्या एका दिवसाच्या कोच सहलीने मी पाहुण्यांना घेऊन एकदा गेले होते. त्यांनी विंडोलांडाला एका तासात उरकलं, त्यात संग्रहालय बसलंच नाही, आणि दुकानासाठी मात्र वेळ राखून ठेवला होता. सहल घ्यायचीच असेल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: विंडोलांडाला किती वेळ? तीन तासांपेक्षा कमी सांगितलं तर घेऊ नका.

विंडोलांडाचं तिकीट पश्चिमेला कार्व्होरनच्या रोमन आर्मी म्युझियमसोबत एकत्र मिळतं. दुसरा दिवस हाताशी असेल तर ते घ्या. म्युझियमला लागूनच मॅग्ना हा किल्ला आहे आणि तिथे 2023 पासून ट्रस्टने मोठी खोदाई हाती घेतली आहे. 2025 मध्ये तिथे 32.6 सेंटिमीटर लांबीचा तळवा असलेला बूट निघाला. या खोदाईची निकड पाण्याशीच जोडलेली आहे: हवामान बदलल्याने जमिनीतली ओल कमीजास्त होते, दलदल आटते, तडे पडतात, तड्यांतून हवा आत शिरते, आणि ज्या चामड्या-लाकडाला दोन हजार वर्षं काही झालं नाही ते काही वर्षांत कुजून जातं. भूजलाची पातळी मोजणारी उपकरणं तिथे बसवलेली आहेत. खोदाईच्या कडेला कोणी मोकळं दिसलं तर पातळी यंदा किती खाली गेली ते जरूर विचारा.